जुनं न पुसता

कवितेचं रसग्रहण होतं, नाटकाचं होतं, चित्रपटाचंही होतं. संगणकाच्या पडद्यावरच्या एका अरुंद पट्टीचं कशाला, असं कुणी म्हणेल. पण जिथे कुणीतरी विचार करून रचना केली आहे, तिथे वाचण्यासारखं काहीतरी असतंच. जर्मनीतल्या फ्लोरियन हायडेनराइख यांच्या ‘एमपीथ्रीटॅग’ या प्रोग्रॅममध्ये शीर्षक, कलाकार, अल्बम, वर्ष, प्रकार, संगीतकार अशा रकान्यांची एक पट्टी असते. गाण्याच्या फाइलीत आवाजासोबत जी माहिती बसवलेली असते, तिला टॅग म्हणतात. ती दुरुस्त करायची ही जागा. दुरुस्तीच्या जागीच नासाडी सगळ्यात सोपी असते. ती टाळण्याची या पट्टीची रीत मला देखणी वाटते.

वाचायला एक गाणं घेऊ. सोनगीर-धुळ्याकडच्या माणसाने घ्यावं ते बहिणाबाई चौधरींचंच. अनंत माने यांच्या १९६१ सालच्या ‘मानिनी’ चित्रपटात त्यांचं संसारावरचं गाणं आहे. चाल वसंत पवारांची, आवाज सुमन कल्याणपूर यांचा. आसोद्याच्या या बाईंना लिहिता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी त्यांचे शब्द कागदावर उतरवले. बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या आणि १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ छापून निघाली. तीन-साडेतीन मिनिटांच्या गाण्यामागे एवढी माणसं उभी आहेत. टॅग नीट असेल तर त्यातली निदान तिघं तरी फाइलीत दिसायला हवीत.

प्रत्यक्षात काय दिसतं? मेमरी कार्डात गाणी भरून देणाऱ्या दुकानातून फाइल आली, तर कलाकाराच्या रकान्यात बहुधा कुठल्यातरी संकेतस्थळाचं नाव असतं. नाहीतर गायिका, संगीतकार, कवयित्री अशी तिन्ही नावं स्वल्पविराम देऊन एकाच दावणीला बांधलेली. ‘प्रकार’ या रकान्यात नुसतं ‘इतर’. आणि गीतकार म्हणून फक्त ‘बहिणाबाई’ लिहिलं असेल, तर तुकोबांच्या शिष्या संत बहिणाबाई आणि आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी एकाच खणात जाऊन बसतात. मग अभंगामागून जात्यावरची ओवी वाजू लागते. सतराव्या शतकाला विसाव्याशी जोडणारी ही चूक एका अर्धवट नावाने होते.

आता दुरुस्ती. ‘मानिनी’तली गाणी आणि यशवंत देवांच्या चालींवर उत्तरा केळकरांनी गायलेली बहिणाबाईंची गाणी, अशा सगळ्या फाइली एकदम निवडा. पट्टीकडे पाहा. गायिका वेगळ्या, संगीतकार वेगळे, अल्बम वेगळे. जिथे जिथे फाइलींमध्ये फरक आहे, तिथे तिथे टोकदार कंसात ‘कीप’ असं उमटतं. पहिल्या फाइलीतली माहिती सगळ्यांच्या वतीने दाखवली जात नाही. रकाना कोराही दिसत नाही. इथे वेगवेगळं काही आहे आणि तुम्ही सांगेपर्यंत त्याला हात लागणार नाही, एवढंच पट्टी सांगते. त्याच यादीत दुसरा पर्याय ‘ब्लँक’ आहे. तो निवडला तर निवडलेल्या साऱ्या फाइलींतला तो रकाना रिकामा होतो. राखणं आणि पुसणं हे दोन पर्याय शेजारी ठेवले आहेत, पण न मागता मिळतं ते राखणं. पुसणं मागावं लागतं. या रचनेचा सगळा सुसंस्कृतपणा मला इथे दिसतो. पट्टीवर जोडून घेतलेल्या गीतकाराच्या रकान्यात ‘बहिणाबाई चौधरी’ लिहून सेव्ह केलं, की वसंत पवार आणि यशवंत देव आपापल्या जागी सुखरूप राहतात.

दुसरी जागा त्याहून बारीक आहे. एकाच रकान्यात दोन मूल्यं हवी असतील, तर त्यांच्यामध्ये दोन बॅकस्लॅश टाकायचे. ‘प्रकार’मध्ये ‘चित्रपटगीत’, मग दोन बॅकस्लॅश, मग ‘कविता’. सेव्ह करताना प्रोग्रॅम त्याची दोन स्वतंत्र मूल्यं करतो आणि विस्तारित टॅगच्या खिडकीत ती दोन वेगळ्या ओळींत दिसतात. खूण मुद्दाम विचित्र निवडलेली आहे, आणि ते बरंच आहे. स्वल्पविराम, तिरपी रेघ, जोडरेघ ही माणसांच्या नावांत येणारी चिन्हं. जोडरेघेवर तोडायला गेलं तर शंकर-जयकिशन आणि अजय-अतुल यांची फाळणी होते. तिरप्या रेघेचा घोळ तर जगप्रसिद्ध आहे: १९९९ च्या आयडी३ २.३ या टॅगच्या प्रमाणात कलाकारांची नावं तिरप्या रेघेने वेगळी करायची सूचना होती, आणि एसी/डीसी नावाच्या बँडचे त्यामुळे दोन कलाकार झाले. २००० च्या २.४ आवृत्तीने रेघ सोडून न दिसणारं शून्य-चिन्ह घेतलं. ऑग आणि फ्लॅक फाइलींत वापरली जाणारी व्हॉर्बिस पद्धत आणखी सरळ: दोन गायिका असतील तर कलाकाराची ओळच दोनदा लिहा. तिथे चिन्हाचा प्रश्नच उरत नाही.

सोनगीर तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ओळखलं जातं, आणि आहेराच्या भांड्यावर नाव घालण्याची आपली रीत इथे आठवल्याशिवाय राहत नाही. देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव, तारीख. सासूचा हंडा सुनेकडे आला तरी जुनं नाव कुणी घासून काढत नाही. काठाखाली जागा बघून नवं घालतात. दोन बॅकस्लॅश म्हणजे ती काठाखालची जागा.

गुण सांगितले, आता उणिवा. पहिली आपल्या जिव्हाळ्याची. या पट्टीत संगीतकाराला मुळातच जागा आहे, गीतकाराला नाही. आयडी३ प्रमाणात शब्दलेखकाचा वेगळा रकाना आहे, पण पट्टीवर तो आपण पर्यायांत जाऊन जोडून घ्यावा लागतो. गाणं म्हणजे आधी शब्द असं मानणाऱ्या मराठी घरात ही उणीव खटकते. बहिणाबाई कलाकाराच्या रकान्यात घुसतात त्या यामुळेच.

दुसरी उणीव जास्त घातक. ‘कीप’ पुसून तिथे काही लिहिलं की ते सगळ्या निवडलेल्या फाइलींत जुन्याच्या जागी बसतं. भर घालायची असेल तर ही पट्टी अपुरी पडते. पाच फाइलींत पाच वेगळ्या गायिका आहेत आणि प्रत्येकीत एक सहगायक वाढवायचा आहे, असं काम कृतींच्या विभागात सूत्र लिहून करावं लागतं. तेव्हा रकान्यातली सगळी मूल्यं जोडून देणारं ‘मेटा-सेप’ हे सूत्र घ्यावं आणि त्याच्या शेवटी दोन बॅकस्लॅश देऊन नवं नाव लावावं. ही वाट पट्टीवरून दिसत नाही. माहीत असलेल्यालाच सापडते.

तिसरी गोष्ट पट्टीच्या हाताबाहेरची आहे. १९९६ चा आयडी३ चा पहिला टॅग सगळा मिळून १२८ बाइटांचा, त्यात कलाकाराला ३० बाइट. एकाहून जास्त मूल्यांची तिथे सोय नाही आणि देवनागरी त्याच्या लिपीसंचात बसतच नाही. जुन्या गाडीतल्या प्लेअरसाठी कुणी तो टॅग लिहिला आणि नवा काढून टाकला, तर ‘सुमन कल्याणपूर’च्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उरते. ती परत अक्षरांत येत नाही.

म्युझिकब्रेन्झ या संगीत-माहितीकोशाचा ‘पिकार्ड’ हाही याच कामाचा प्रोग्रॅम. त्यात जपायच्या रकान्यांची यादी देता येते, म्हणजे बाहेरून आणलेली माहिती त्यांच्यावर चढत नाही. पण त्याच्याच पर्यायांत जुने टॅग साफ करण्याची खूणही आहे. ती नजरचुकीने लागली आणि यादी कोरी असली, तर घरातल्या आजीने सांगून लिहवलेली टिपणं, म्हणजे गाणं कुठल्या कानबाईच्या सणाला म्हटलं, कुणी म्हटलं, हे सगळं सुबक, प्रमाणित माहितीखाली गडप होतं. एमपीथ्रीटॅगच्या पट्टीचं मोठेपण त्या तुलनेत कळतं. तिला गाण्याबद्दल स्वतःचं काही मत नाही, म्हणून ती फाइलीतलं टिपण जसंच्या तसं सांभाळते.

खान्देशी गाण्यांची माहिती अजून बरीचशी माणसांच्या तोंडी आहे, आणि फाइलीत शिरण्याचा तिला टॅग हा एवढाच दरवाजा आहे. म्हणून वाचकांना सांगणं इतकंच: आधी फाइलींची प्रत काढा, एका फाइलीवर करून विस्तारित खिडकीत ओळी मोजा, मगच सगळ्या निवडा, आणि भाषेच्या रकान्यात ‘मराठी’ पुसून ‘लेवा बोली’ लिहू नका, दोन्ही लिहा.