कृतज्ञ मृतात्म्याचे सोबती

रॉक संगीत म्हटले की आपल्या धर्मग्रामांतील वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठी पडते. ती अगदीच अकारण पडते असेही नाही. परंतु एखाद्या वाद्यवृंदाभोवती माणसे तीस-तीस वर्षे का गोळा होतात, परस्परांची जिवाभावाची सोबती का बनतात आणि त्या सहवासाचे वर्णन करताना त्यांना प्रार्थनेचीच भाषा का आठवते, हा प्रश्न त्या आठीने सुटत नाही. अमेरिकेतील ‘द ग्रेटफुल डेड’ हा वाद्यवृंद आणि ‘डेडहेड’ या नावाने ओळखला जाणारा त्याचा चाहतावर्ग यांचे उदाहरण या दृष्टीने विचार करण्यासारखे आहे.

हा वाद्यवृंद १९६५ साली कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे उदयास आला. त्याच वर्षी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेची सांगता झाली आणि ख्रिस्तसभेने आधुनिक जगाकडे अधिक ममतेने पाहण्याचा संकल्प सोडला, हा योगायोग मला अर्थपूर्ण वाटतो. वाद्यवृंदाचा प्रमुख गिटारवादक जेरी गार्सिया हा कॅथलिक संस्कारांत वाढलेला. तीस वर्षांत या मंडळींनी सुमारे २,३०० मैफली केल्या. गाण्यांचा क्रम रोज निराळा आणि एकच गाणे दोनदा सारखे वाजवायचे नाही, ही त्यांची रीत होती. त्यामुळे आज ऐकलेले उद्या पुन्हा ऐकायला मिळेल याची शाश्वती नसे, आणि चाहते गावोगाव त्यांच्या मागे फिरत. वाटखर्च भागविण्यासाठी ते मैफलीबाहेरच्या वाहनतळावर खाद्यपदार्थ आणि रंगीत सदरे विकत. मैफलीचे ध्वनिमुद्रण करू इच्छिणाऱ्यांसाठी १९८४ पासून वेगळी जागा राखून ठेवण्यात आली. त्या ध्वनिफिती एकमेकांना द्याव्यात, विकू मात्र नयेत, असा दंडक चाहत्यांनी मनोभावे पाळला. ज्याच्याजवळ तिकीट नसे तो एक बोट वर करून उभा राही आणि ‘चमत्कारा’ची वाट पाही. एखादा अनोळखी इसम आपल्याजवळचे जादा तिकीट त्याच्या हाती फुकट ठेवी, तोच त्यांच्या भाषेत चमत्कार.

या समुदायाचा शास्त्रीय अभ्यास करण्याचे धाडस रिबेका ॲडम्स या समाजशास्त्रज्ञ विदुषीने केले. प्रौढ माणसांमधील मैत्री हा त्यांच्या व्यासंगाचा विषय. १९८९च्या उन्हाळ्यात आपल्या विद्यार्थ्यांना सोबत घेऊन त्या या मैफलींच्या मागे फिरल्या. पुढे २००० साली रॉबर्ट सार्डिएलो यांच्यासह त्यांनी संपादित केलेला ‘डेडहेड सोशल सायन्स’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. ज्यांना शिष्ट समाज हसण्यावारी नेत होता, त्यांच्या स्नेहबंधांकडे गांभीर्याने पाहिले, हे या अभ्यासाचे श्रेय होय. शेजार, नोकरी, नातेगोते यांपैकी काहीही समान नसताना माणसे एकमेकांशी बांधली जाऊ शकतात, ही गोष्ट स्थलांतराने विस्कटलेल्या आपल्या कुटुंबांनीही ध्यानात घ्यावी अशी आहे. तथापि समाजशास्त्र मैत्रीचे स्वरूप उलगडून दाखवते. ती मैत्री माणसाला कोठे नेते, हा प्रश्न त्याच्या कक्षेबाहेरचा आहे. तो आपल्याला विचारावा लागतो.

पुष्कळ चाहते सांगत की, आम्ही कोणत्याही धर्मसंस्थेचे नाही, पण मैफलीत आम्हाला काही पवित्र गवसते. त्यांतील एका गटाने तर ‘चर्च ऑफ अनलिमिटेड डिव्होशन’ या नावाचा पंथच स्थापन केला. संगीत सुरू असता हे लोक स्वतःभोवती गोल गोल फिरत आणि त्यालाच आपली उपासना मानत. आपल्याला कोणी देवत्व देत असेल तर, ते क्रूस आणि खिळे घेऊन येईपर्यंत आपण सोसून घेऊ, अशा अर्थाचे मिस्कील उत्तर गार्सियाने दिले होते. त्या विनोदात मला कॅथलिक बालपणाचा शहाणपणा दिसतो. भक्तांच्या गर्दीत सापडलेल्या मनुष्याचे पुढे काय होते, हे तो विसरला नव्हता.

संगीताने देहभान हरपते, त्यात काही गैर आहे असे मला वाटत नाही. आपल्या मिस्सागायनातही ते घडते. परंतु संत आगुस्तीन यांनी आपल्या ‘कबुलीजबाबा’त एक सूक्ष्म शंका नोंदविली आहे. जे गायिले जाते त्याहून गाण्यानेच आपले मन अधिक हेलावते की काय, या विचाराने ते अस्वस्थ होत. बाराव्या शतकातील इंग्लंडमधले मठाधिपती संत एल्रेड यांनी मैत्रीविषयी लिहिताना दैहिक, व्यावहारिक आणि आध्यात्मिक असे तिचे तीन प्रकार कल्पिले. त्यांच्या मते, खऱ्या मैत्रीत दोघांच्या मध्ये तिसरा ख्रिस्त असतो. डेडहेडांच्या मैत्रीत तिसरे काय होते? बहुतेकांच्या बाबतीत ती एक विलक्षण अनुभूती होती. अनुभूती सुख देते, सांत्वन करते. आपल्याकडून ती काही मागत मात्र नाही.

मात्र या मंडळींना आपण आपल्याच मापाने मोजू नये. त्यांचे माप त्यांच्या नावातच आहे. १९६५ साली नव्या नावाच्या शोधात असताना गार्सियाने शब्दकोश उघडला आणि ‘कृतज्ञ मृतात्मा’ या अर्थाच्या शब्दांवर त्याची नजर पडली. ही अनेक देशांतील लोककथांमध्ये आढळणारी एक कल्पना आहे. एक वाटसरू पाहतो की, कर्ज न फिटल्यामुळे एका प्रेताचे दफन अडले आहे. तो आपले उरलेसुरले पैसे देऊन त्या अनोळखी माणसाला मूठमाती देतो. पुढे वाटेत त्याला एक सोबती भेटतो, त्याला संकटांतून तारतो आणि शेवटी आपण तोच मृतात्मा असल्याचे सांगतो.

आपल्या वाचकांना ही कथा ओळखीची वाटेल. निनवेत जिवावर उदार होऊन आपल्या बांधवांची प्रेते पुरणारा तोबीत, त्याचा मुलगा तोबियास, आणि मेदियाच्या वाटेवर तोबियासाची सोबत करणारा, शेवटी आपली ओळख देणारा देवदूत राफाएल, यांच्या ग्रंथाशी लोककथांचे अभ्यासक या कल्पनेचे नाते जोडतात. म्हणजे जो ग्रंथ कॅथलिक बायबलात आहे आणि प्रॉटेस्टंट बायबलात सहसा आढळत नाही, त्याची सावली या नावावर पडली आहे. मृतांना मूठमाती देणे हे आपल्या दयेच्या कृत्यांपैकी एक. परक्याचे ऋण आपल्या शिरावर घेतले की सोबती लाभतो, हे त्या कथेचे मर्म.

या मापाने पाहता काय दिसते? व्यसनातून सुटू पाहणाऱ्या चाहत्यांनी ‘व्हार्फ रॅट्स’ हा गट उभा केला. सभोवती मादक पदार्थांचा सुकाळ असताना, मध्यंतरात पिवळ्या फुग्यांच्या खुणेपाशी ते एकत्र येत आणि आजचा दिवस निभावून नेण्यास एकमेकांना बळ देत. १९८६ साली गार्सिया मधुमेहाने बेशुद्धावस्थेत गेला. त्यातून तो वाचला, पण वादन विसरला. तेव्हा मर्ल सॉन्डर्स या वादक मित्राने महिनोन्‌महिने त्याच्याजवळ बसून त्याला पुन्हा गिटार शिकवली. हे राफाएलाचे काम झाले.

दुसरी बाजूही आहे. २ जुलै १९९५ रोजी इंडियाना राज्यातील डिअर क्रीक येथे तिकीट नसलेल्या हजारोंनी कुंपण मोडून आत मुसंडी मारली. दुसऱ्या दिवशीची मैफल रद्द करावी लागली. जे दान म्हणून मिळावे, ते हक्क म्हणून हिसकावले गेले. त्याच वर्षी ९ ऑगस्टला, वयाच्या अवघ्या ५३व्या वर्षी, गार्सिया एका व्यसनमुक्ती केंद्रात हृदयविकाराने मरण पावला. निकटच्या मित्रांनी त्याला आवरण्याचे प्रयत्न केले होते. परंतु लाखोंना हवी होती ती पुढची मैफल, आणि तो वाजवत राहिला. ज्याच्यावर इतक्यांनी प्रेम केले, त्याच्या थकव्याचे ओझे उचलणे त्या प्रेमाच्या आवाक्यात नव्हते. १९९६च्या एप्रिलमध्ये त्याच्या रक्षेचा काही अंश हृषीकेश येथे गंगेत सोडण्यात आला.

आपली मुलेही कुठल्या ना कुठल्या वाद्यवृंदाच्या नादी लागलेली असतात. त्यांना तेथे मैत्री लाभत असेल, तर ती खोटी आहे असे म्हणण्याची घाई पालकांनी करू नये. तुझा मित्र आजारी पडला, कर्जात बुडाला, व्यसनात गुरफटला, तर तुमच्यापैकी कोण त्याच्या दारी जातो, एवढे त्यांना विचारावे. मात्र तोच प्रश्न मुले आपल्यालाही विचारणार, याची तयारी हवी. मिस्सेनंतर चर्चच्या आवारात एकटाच उभा असलेल्या परगावच्या तरुणाला आपल्यापैकी किती जण नाव विचारतात? बोट वर करून उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला त्या वाहनतळावर कोणीतरी तिकीट देत होते.