वस्तूचे जीवनचक्र आणि नागझिऱ्याची तळी

अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात ‘उत्पादन जीवनचक्र व्यवस्थापन’ हा विषय आता चांगलाच रुळला आहे. एखादी वस्तू कल्पनेत येते, तिचे आराखडे होतात, ती तयार होते, वापरली जाते, दुरुस्त होते आणि शेवटी मोडीत निघते. या सर्व अवस्थांतील माहिती एकाच ठिकाणी, एकाच आवृत्तीत आणि संबंधित सर्वांना मिळेल अशी ठेवायची, हा या विषयाचा गाभा. मात्र हा विषय ज्या पद्धतीने शिकवला जातो, तिच्यात एक मोठी उणीव आहे.

प्रथम या कल्पनेचे श्रेय मान्य करू. १९८५ च्या सुमारास अमेरिकन मोटर्स या तुलनेने लहान मोटार कंपनीने संगणकावरील आराखडे आणि सुट्या भागांची माहिती एका सामायिक साठ्यात आणण्याचा प्रयत्न केला. मोठ्या कंपन्यांशी टक्कर द्यायची तर वेळ वाचवणे भाग होते. अशी शिस्त नसेल तर काय होते हे २००६ मध्ये एअरबस ए-३८० या महाकाय विमानाने दाखवून दिले. हॅम्बुर्ग आणि तुलूझ येथील अभियंते एकाच आरेखन-प्रणालीच्या वेगवेगळ्या आवृत्त्या वापरत होते. परिणामी विमानातील शेकडो किलोमीटर तारांपैकी अनेक जुडगे प्रत्यक्ष जोडणीच्या वेळी आखूड पडले आणि विमाने ग्राहकांच्या हाती पडण्यास सुमारे दोन वर्षांचा उशीर झाला.

वर्गात सांगितली जाणारी उदाहरणे सहसा अशीच असतात: मोटार, विमान, यंत्र. या सर्वांना एक मालक असतो आणि माहिती सांभाळण्यात त्या मालकाचा फायदा असतो. पण अभियांत्रिकीच्या सगळ्याच वस्तू अशा नसतात. गोंदिया जिल्ह्यात नागझिऱ्याच्या परिसरात गेले तर याचा प्रत्यय येतो.

नागझिरा अभयारण्य १९७० मध्ये घोषित झाले आणि २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात सामील झाले. या डोंगररांगांच्या भोवती भाताच्या शेतीसाठी बांधलेली असंख्य तळी आहेत. चोरखमारा, बोदलकसा यांसारखे मोठे तलाव विसाव्या शतकाच्या पहिल्या चतकात सरकारी अभियंत्यांनी बांधले. त्याहून कितीतरी जुनी आहेत ती गोंड राजवटीपासून कोहळी समाजाने बांधलेली गावतळी. पूर्व विदर्भात अशी साडेसहा हजारांहून अधिक तळी आहेत. आज त्यांना माजी मालगुजारी, म्हणजेच ‘मामा’ तलाव म्हणतात.

प्रत्येक तळे ही एक अभियांत्रिकी वस्तूच आहे. पाणी अडवणारी मातीची पाळ, पाणी सोडणारे तुडूम, जादा पाणी वाहून नेणारा सांडवा आणि शेतापर्यंत जाणारी नहर हे तिचे भाग. तिची माहितीही नोंदलेली असे. ब्रिटिश काळातील जमाबंदीत गावोगावचे ‘वाजिब-उल-अर्ज’ तयार झाले. गावाच्या पाण्याच्या, मासेमारीच्या आणि वहिवाटीच्या रूढी त्यात लिहिल्या जात. मोटार कारखान्याच्या माहितीसाठ्यात भागाचे माप असते. या कागदात माणसांचे हक्क होते.

मालगुजारी रद्द करणारा मध्य प्रदेशचा १९५० चा कायदा ३१ मार्च १९५१ पासून अमलात आला आणि तळी सरकारजमा झाली. मालगुजारीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. ती व्यवस्था विषमतेवर उभी होती आणि ती गेली हे योग्यच झाले. पण मालकी बदलली तेव्हा देखभालीची जबाबदारी तितक्याच स्पष्टपणे कुणाच्या हाती दिली गेली नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्येही वाजिब-उल-अर्जाची तरतूद आहे. म्हणजे कागद टिकला; पाळ कोण बुजवणार आणि गाळ कोण उपसणार हे सांगणारी घडी मात्र विसकटली. पाणलोटाचे जंगल एका खात्याकडे, तलाव दुसऱ्याकडे, मासेमारी सहकारी संस्थेकडे आणि ओलीत शेतकऱ्याकडे, अशी आज माहितीची वाटणी झाली आहे. ए-३८० चे दोन कार्यालयांत जे झाले, ते इथे चार ठिकाणी होते.

याचे परिणाम आकड्यांत पाहू. समजा, एका तळ्याचे क्षेत्र २० हेक्टर आणि सरासरी खोली अडीच मीटर आहे. साठा झाला ५ लाख घनमीटर. दरवर्षी सरासरी १ सेंटिमीटर गाळ साचला, तर वर्षाला २ हजार घनमीटर जागा जाते. ७० वर्षांत १ लाख ४० हजार घनमीटर, म्हणजे मूळ साठ्याच्या २८ टक्के. दप्तरात मात्र आकडा ५ लाखांचाच राहतो. वस्तू जशी बांधली तशी नोंद आहे, जशी उरली तशी नाही.

गाळ काढण्याच्या कामांवरही हाच आक्षेप आहे. २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आली. तिचा हेतू चांगला आहे. पण अशा कामात सहज मोजता येतो तो काढलेला गाळ. तुडुमाच्या सर्वांत खालच्या तोंडाच्या पातळीखाली कितीही खोदले, तरी ते पाणी आपोआप नहरेत उतरत नाही. गुरांना, माशांना, विहिरींना त्याचा उपयोग होईल. पण वाढलेले ओलीत म्हणून ते मोजणे चूक. पाळीच्या पायथ्याशी खोल खोदले तर पाळच कमकुवत होते. काठाचा उथळ भाग सरसकट खरवडला तर पाणवनस्पती आणि माशांच्या विणीच्या जागा जातात. तुडूम किती पातळीवर आहे ही एक नोंद हाताशी असली, तरी खोदाईचा हिशेब बदलतो.

तेव्हा जीवनचक्र व्यवस्थापन म्हणजे माहितीचा मोठा साठा, ही व्याख्या अपुरी आहे. प्रत्येक नोंदीशी एक कर्तव्य आणि ते करणारा माणूस जोडलेला नसेल, तर उत्तमातली उत्तम संगणक-प्रणालीही जुन्या दप्तराइतकीच निरुपयोगी ठरेल. अभ्यासक्रमाने मोटार आणि विमान यांच्या जोडीला तळे, पूल आणि शाळेची इमारतही घ्यावी.

पूर्व विदर्भातील शिक्षकांना हे वर्गाबाहेर सहज करता येईल. गावातले तळे निवडावे. उन्हाळ्यात पाणी आटल्यावर पाळीची लांबी, तुडुमाची आणि सांडव्याची पातळी मोजावी. शेतकरी आणि ढिवर समाजातील जाणत्यांना विचारून शेवटची दुरुस्ती केव्हा व कोणी केली ते लिहावे. तहसील कार्यालयात वाजिब-उल-अर्जाची नक्कल मागावी. नोंदवहीत अखेरचा एक रकाना अवश्य ठेवावा: ‘हे काम कोणाचे?’ तो रकाना कोरा राहिला, तर विद्यार्थ्यांनी तो प्रश्न घेऊन ग्रामसभेत जावे.