भिंत आणि पाटी : हैदराबादच्या रस्त्यावरील कला

हैदराबादच्या एम. एस. मक्ता वस्तीतील भिंती २०१६ पासून ‘स्टार्ट इंडिया’ संस्थेच्या पुढाकाराने रंगल्या आणि शहरातील रस्त्यावरच्या कलेची चर्चा भित्तिचित्रांपाशीच थांबू लागली. ती चित्रे देखणी आहेत. पण त्यांतील बरीचशी दुसऱ्या शहरातही तितकीच शोभली असती. येथल्या रस्त्याची स्वतःची कला म्हणजे पाट्यांवरचे आणि लग्नपत्रिकांवरचे नस्तालिक. पत्रिकांसाठी प्रसिद्ध असलेल्या छत्ता बाजारात कातिब ते हाताने लिहीत. नस्तालिकात शब्द उजवीकडून डावीकडे उतरत येतो. कोणते अक्षर लांब ओढायचे, कोणते दुसऱ्यावर चढवायचे, हे नाव आणि जागा पाहून कातिब ठरवी. १९९४ मध्ये ‘इनपेज’ आले आणि हळूहळू हे ठरविणे संगणकाकडे गेले. आता निकाहाची पत्रिका आणि मटणाच्या दुकानाची पाटी एकाच वळणाची दिसते. गंमत अशी, की त्यातील नूरी नस्तालिकचे सुमारे २०,००० जोडआकार मिर्झा अहमद जमील या खुशनवीसाच्याच हातचे, १९८१ चे. त्यांचे वळण उत्तमच आहे. तक्रार आहे ती सगळीकडे तेच असण्याची. वर्गात मक्त्याची छायाचित्रे दाखविताना जुनी हस्तलिखित पत्रिकाही शेजारी ठेवावी आणि तिच्यातील कशिश, म्हणजे अक्षराची ओढ, विद्यार्थ्यांकडून मोजून घ्यावी.