कोयनेचे खोरे आणि आमची प्रवासवर्णने
कोयनेच्या खोऱ्याविषयी आपल्याकडे जी प्रवासवर्णने लिहिली जातात, त्यांत शिवसागराची निळाई आणि वनकुसवड्याच्या पठारावरील पवनचक्क्या यांचे कौतुक भरपूर असते. ते आम्हांसही मान्य आहे. परंतु १९६४ साली पुऱ्या झालेल्या धरणापायी जी गावे पाण्याखाली गेली, त्यांचा उल्लेख बहुधा एखाद्या ओळीत उरकला जातो. हा केवळ विस्मृतीचा नव्हे, रसदृष्टीचाच दोष होय. घाटमाथ्यावरील हे पाणी पोफळीस वीज देऊन वाशिष्ठीवाटे आमच्या मुरुडच्या दक्षिणेस, दाभोळास, समुद्राला मिळते. दिव्यांचा उजेड आम्ही घेतला. ज्यांची बिऱ्हाडे उठली, त्यांचे ऋण वर्णनात नको काय? त्या निळाईखालची गावे ज्याला दिसतील, त्याच्याच वर्णनास आम्ही वाङ्मय म्हणू.