शिरोरेषेचा उठाव

यवतमाळच्या भाचीनं लग्नपत्रिकेचा आतला मजकूर छापखान्यातूनच आणला, मुखपृष्ठ मात्र घरी केलं. रबरी ठसे, सोनेरी एम्बॉसिंग पावडर आणि हीट गन. वर ‘॥ श्री चिंतामणी प्रसन्न ॥’, खाली दोघांची नावं. मामा म्हणून कौतुक वेगळं. ही पत्रिका बोटानं वाचण्याजोगी आहे.

आधी ती उलटी केली. पाठ सपाट. साच्यानं दाबून काढलेल्या उठावाला मागून खळगा पडतो. इथे कागद जागचा हललेला नाही, अक्षरच त्यावर साठलं आहे. सावकाश वाळणाऱ्या पिगमेंट शाईचा ठसा उमटवायचा, तो ओला असतानाच कृत्रिम राळेची बारीक पूड भुरभुरायची, जादाची झटकून परत डबीत भरायची आणि गरम हवा द्यायची. कण वितळून एकजीव होतात, निवले की घट्ट बसतात. छापखान्यात याच युक्तीला थर्मोग्राफी म्हणतात. धातूच्या पत्र्यावर कोरून केलेल्या महागड्या छपाईचा थाट ती स्वस्तात आणते.

मला मात्र ती नक्कल वाटत नाही, निदान देवनागरीत तरी नाही. रोमन अक्षरं उठावात सुटी सुटी उभी राहतात. बोट प्रत्येकावर चढतं आणि उतरतं. ‘चिंतामणी’वर बोट ठेवलं की शिरोरेषेच्या कडेनं ते सलग जातं, वेलांटीच्या कमानीशी जरा अडतं, पुढे सरकतं. शब्द कुठे संपला हे डोळे मिटूनही कळतं. डोळ्यांना जी रेघ एरवी गृहीतच असते, ती इथे शब्दाचा कणा होते. (कळंबच्या चिंतामणीच्या दर्शनाला पायऱ्या उतरून जमिनीखाली जावं लागतं, त्याचं नाव कागदावर असं वर आलेलं पाहून गंमत वाटली.)

याच लिपीत धोकाही आहे. वितळलेली राळ पसरते आणि जवळच्या रेघा एकमेकींना मिळतात. ‘चिं’मधला अनुस्वार वेलांटीला चिकटून गेलाय. ‘प्रसन्न’मधल्या जोडाक्षरातली फट मात्र वाचली, कारण ठसा मोठा घेतला होता आणि पूड बारीक. नवशिक्यानं इथूनच सुरुवात करावी: जाड, मोकळ्या अक्षराचा एकच शब्द, गुळगुळीत जाड कार्ड. पुण्याच्या हातकागद संस्थेत १९४० पासून सुती चिंध्यांचा कागद होतो. कापसाच्या जिल्ह्यातल्या माणसाला त्याचा मोह पडणारच, पण तसल्या खरबरीत कागदावर शाई तुटक उमटते आणि राळ तो तुटकपणा आणखी ठळक करते. भाचीनं तो कागद पाकिटासाठी ठेवला. योग्य केलं.

हे काम मे महिन्यात झालं. यवतमाळात तेव्हा कूलरशिवाय बसवत नाही आणि कूलर तर या कलेचा वैरी. त्याच्या ओलसर हवेनं कार्ड सर्दावतं, पूड नको तिथेही चिकटते आणि अक्षराभोवती सोनेरी पुरळ उठतं. पंख्यानं ती उडते, दोन्ही बंद करावेत तर घामाचे हात कागदाला लागतात. टाल्कम पावडरची पुरचुंडी आधी कार्डावर हलकेच फिरवली की चिकटणं बरंच कमी होतं. तरी ‘श्री’च्या डाव्या बाजूला चार-दोन कण राहिलेच आहेत. मला ते खटकत नाहीत.

खटकतं ते नवरदेवाच्या नावाचं शेवटचं अक्षर. तिथे सोनं मंदावलं आहे, कडेला तेलकट छटा आहे. म्हणजे गन रेंगाळली. हेअर ड्रायर पूड वितळवण्याआधी उडवून देतो, म्हणून गन लागते. पण रवाळ पूड लकाकली की त्या क्षणी तिथून पुढे सरकायला हवं. त्याहून जास्त आच दिली तर राळ कागदात मुरते आणि उठाव बसतो. नवरीचं नाव मात्र निर्दोष आहे. कोणतं आधी केलं असेल याचा तर्क मी जाहीर करणार नाही.

सगळ्यात आवडली ती तिची काटकसर. मुहूर्त, स्थळ, ‘आपले नम्र’ची लांबलचक यादी, सगळं साधं, सपाट. तयार पत्रिकांवर कोपऱ्याकोपऱ्यात चमचमती वेलबुट्टी असते. तिनं चारही कोपरे कोरे ठेवले आहेत. हळद-कुंकवाची बोटं तिथेच टेकवायची असतात आणि गुळगुळीत राळेवर कुंकू टिकत नाही.