प्रश्न रद्द केला, चुकीचे काय?

अमेरिकेत महाविद्यालय-प्रवेशासाठी होणाऱ्या सॅट परीक्षेत १९८२ साली एक प्रश्न आला होता. लहान वर्तुळाची त्रिज्या मोठ्याच्या एकतृतीयांश आहे; मोठ्याच्या कडेवरून गडगडत मूळ जागी येईपर्यंत ते किती फेरे घेईल? परीक्षकांच्या मते उत्तर ३. खरे उत्तर ४, आणि पाच पर्यायांत ते नव्हतेच! सुमारे तीन लाख परीक्षार्थींपैकी तिघांनी ही चूक पत्राने कळवली. प्रश्न रद्द झाला, गुण नव्याने काढले गेले.

एवढे पुरेसे आहे, असे आम्हांला वाटत नाही. ज्याने अचूक विचार केला, त्याचाच वेळ पर्यायांत ४ शोधण्यात गेला. तो भरून कसा निघणार? शिवाय प्रश्न वगळला की त्यामागची चूकही दृष्टीआड होते. परीक्षकांनी केवळ परिघांचे गुणोत्तर पाहिले. पण मोठ्या वर्तुळाभोवती प्रदक्षिणा घालण्यामुळेच लहान वर्तुळाचा आणखी एक फेरा होतो. वर्षाचे दिवस सुमारे ३६५ असले, तरी पृथ्वी स्वतःभोवती सुमारे ३६६ वेळा फिरते, ते याच कारणाने.

आपल्या चाचण्यांतही उत्तरसूची चुकते. तेव्हा 'सर्वांना एक गुण' देऊन पुढे जाऊ नये. वरील प्रश्नासाठी दोन सारखी नाणी पुरतात. एक स्थिर ठेवून दुसरे त्याच्या कडेने फिरवायचे. आधी अंदाज, मग मोजणी. उत्तर १ नव्हे, २ येते. आपली चूक कबूल करून तिचे कारण विद्यार्थ्यांबरोबर शोधणे, हाही विज्ञानाचाच पाठ आहे.