लेनिनचे ‘मृत्युपत्र’ : एका वाक्याची चिकित्सा

‘मृत्युपत्र’ या नावाने रूढ झालेली टिपणे लेनिनने डिसेंबर १९२२ व जानेवारी १९२३ मध्ये रुग्णशय्येवरून सांगून लिहविली. (त्यांच्या कर्तृत्वाविषयी अलीकडे काही इतिहासकारांनी शंका घेतली आहे, बहुतेक अभ्यासक मात्र ती लेनिनचीच मानतात.) २४ डिसेंबरच्या टिपणातील एका वाक्याचा आशय असा : सरचिटणीस झाल्यावर स्टालिनने अफाट सत्ता आपल्या हाती एकवटली असून तिचा वापर तो नेहमी पुरेशा सावधपणे करील याची खात्री वाटत नाही.

या शंकेकडे सर्वांचे लक्ष जाते. वाक्याच्या रचनेकडे सहसा जात नाही. ‘झाल्यावर’ या अर्थी मूळ रशियनमध्ये ‘स्देलाव्शिस्’ असे रूप आहे. ‘करणे’ या धातूचे हे आत्मवाचक रूप होय. त्यात पदावर बसणारा आहे, बसविणारा नाही. असे रूप रशियनमध्ये सर्रास येत असल्याने त्यावरून लपवाछपवीचा आरोप करणे अन्यायाचे ठरेल. तथापि त्याच्याआड बरेच काही झाकले गेले आहे. एप्रिल १९२२ मध्ये स्टालिनला नेमले ते मध्यवर्ती समितीने, लेनिनच्या संमतीने. पक्षांतर्गत गटांवर बंदी घालणारा मार्च १९२१ चा ठराव लेनिनचाच. निवडून आलेली संविधानसभा तर जानेवारी १९१८ मध्येच, एका बैठकीनंतर, बरखास्त झाली होती.

४ जानेवारीच्या पुरवणीत स्टालिनला उद्धट म्हटले असून त्याच्या जागी अधिक सहिष्णू, अधिक निष्ठावान, अधिक सौजन्यशील माणूस नेमण्याची सूचना आहे. विशेषणे बहुतेक स्वभावाचीच. क्रांतीत जुनी बंधने आधी मोडतात, नवी मागाहून येतात. मधल्या काळात नेत्याला आवरणारे बाहेर काही उरत नाही, म्हणून त्याच्या विश्वासार्हतेला एवढे मोल. परंतु ती सौजन्याने मोजता येत नाही. स्वतःला अडविण्याचे साधन नेता इतरांच्या हाती शिल्लक ठेवतो काय, हीच तिची कसोटी; आणि तिला लेनिनही उतरत नाही. मध्यवर्ती समितीची सदस्यसंख्या ५० ते १०० करावी, हा त्याचा एक रचनात्मक उपाय. पण पक्षातील नेमणुकांची सूत्रे ज्या सचिवालयाकडे होती, ते स्टालिनच्याच ताब्यात होते.

मे १९२४ मध्ये, तेराव्या अधिवेशनाच्या वेळी, ही टिपणे प्रतिनिधींच्या गटांना वेगवेगळी वाचून दाखविण्यात आली. स्टालिन पदावर राहिला. सोव्हिएत संघातील सामान्य वाचकाला ती छापील स्वरूपात मिळाली १९५६ मध्ये.